नारळ उभा कोण करतं?

मे महिन्यात वावरात पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा नारळ असतो. सोललेला, पण शेंडी राखलेला. तो तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांच्या दिशेने, तळहाताची किंचित वाटी केलेली, कोपर अंगापासून सुटं. मग एका धुऱ्याकडून दुसऱ्या धुऱ्याकडे अनवाणी, सावकाश चालायचं. एका जागी नारळ डुलायला लागतो आणि पुढच्या दोन-तीन पावलांत शेंडी वर करून ताठ उभा राहतो. घरधनी तिथे दगड ठेवतो, दगडावर हळदकुंकू पडतं, आणि चार दिवसांनी बोअरची गाडी त्याच दगडावर येऊन लागते.

नारळ उभा राहतो हे खरं आहे. पाणाड्या नाटक करत नाही, हेही बहुतेक वेळा खरं आहे. त्याला खालून काहीतरी ओढतंय किंवा ढकलतंय असं मनापासून जाणवतं. प्रश्न एवढाच आहे की ते काहीतरी जमिनीखाली आहे की त्याच्या मनगटात. आणि हा प्रश्न विदर्भातल्या कोरड्या बोअरपुरता नाही. ज्या हालचालीने आपल्या वावरात नारळ उभा राहतो, त्याच हालचालीने युरोप-अमेरिकेत कवींना, गायकांना आणि हिप्पी पिढीला आत्म्यांचे निरोप ‘मिळाले’.

प्लँचेट सगळ्यांना ऐकून माहीत असतं. वसतिगृहातली पोरं कागदावर अक्षरं लिहून वाटी किंवा नाणं उलटं ठेवतात, त्यावर तिघा-चौघांची बोटं, आणि दिवा मंद. हाच खेळ अमेरिकेत ‘वीजा बोर्ड’ या नावाने १८९०च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये तयार झाला आणि १८९१मध्ये त्याचं पेटंट निघालं. पुढे १९६६मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने तो विकत घेतला आणि १९६७ या एका वर्षात असे सुमारे २० लाख बोर्ड विकले गेले. ते वर्ष लक्षात घ्या. तरुणांनी आईबापांचा धर्म, सरकार आणि व्हिएतनामचं युद्ध हे सगळंच नाकारायला घेतलं होतं. बीटल्सच्या त्या वर्षीच्या प्रसिद्ध अल्बमच्या मुखपृष्ठावर ॲलिस्टर क्रौली या इंग्रज तांत्रिकाचा चेहरा आहे, आणि त्याच गर्दीत आपल्याकडचे योगानंद आणि लाहिरी महाशयही आहेत. चर्चची वाट सोडली तर जे हाताला लागेल ते, असा तो काळ होता. आणि त्याच वर्षी व्हिएतनाममध्ये काही अमेरिकन मरीन सैनिक कपड्यांच्या हँगरच्या तारा वाकवून शत्रूची भुयारं शोधत होते. युद्ध करणारे आणि युद्धाला विरोध करणारे, दोघांच्याही हातात तीच हालचाल.

यातून नामवंतांचं एक वेगळंच प्रकरण उभं राहिलं. ॲलिस कूपर हे अमेरिकन रॉक बँडचं आणि त्याच्या गायकाचं नाव वीजा बोर्डावर आलेल्या एका जुन्या चेटकिणीचं आहे, अशी कथा वर्षानुवर्षं फिरली आणि त्या बँडच्या प्रसिद्धीला उपयोगी पडली. नाव सहज सुचलेलं होतं, असं त्या गायकानेच पुढे सांगितलं. पण सगळेच प्रसिद्धीसाठी करत नव्हते. आयरिश कवी येट्स यांच्या पत्नी जॉर्जी यांनी १९१७मध्ये, लग्न होऊन काही दिवस झाले असताना, आपोआप लिहिणाऱ्या हाताने पानंच्या पानं भरली आणि येट्स यांनी त्यावर स्वतःचं पूर्ण तत्त्वज्ञान रचलं. रवींद्रनाथ टागोर १९२९च्या अखेरीस एका तरुणीला माध्यम करून गेलेल्या आप्तांशी बोलत बसत, त्याच्या नोंदी आहेत. ज्याने बायको आणि मुलं गमावली तो माणूस मंद दिव्यात पेन्सिलीकडे बघत बसला, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता पाण्याकडे परत. पाणी शोधणारी काडी युरोपात निदान पाचशे वर्षं जुनी आहे. जर्मन खाणतज्ज्ञ अग्रिकोला यांनी १५५६च्या ग्रंथात बेचकी, म्हणजे दोन फाट्यांची काडी, घेऊन धातू शोधणाऱ्यांचं वर्णन केलं आहे आणि शहाण्या खाणमालकाने तिच्या नादी लागू नये, खडकातल्या खुणा वाचाव्यात, असंही लिहून ठेवलं आहे. या विद्येचा पहिला खरा ‘सेलिब्रिटी’ म्हणजे झाक एमार हा फ्रान्समधला शेतकरी. जुलै १६९२मध्ये ल्याँ शहरात एका दारूविक्रेत्याचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला. एमारला बोलावलं, त्याने बेचकी धरून ऱ्होन नदीच्या काठाने माग काढला आणि तुरुंगातल्या एका कुबड्या माणसापुढे ती वाकली. त्या माणसाने कबुली दिली आणि त्याला देहदंड झाला. एमारचं नाव देशभर झालं. पुढच्याच वर्षी काँदेच्या राजपुत्राने त्याला पॅरिसला नेलं, बागेत खड्डे करून काहींत धातू पुरले, काही रिकामे ठेवले आणि वरून माती सारखी केली. तिथे तो साफ चुकला. ल्याँमध्ये आजूबाजूच्या प्रत्येक चेहऱ्यावर काही ना काही लिहिलेलं होतं. बागेतल्या मातीवर काहीच नव्हतं.

आता हात कसा हलतो ते जवळून पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नारळाचं बूड गोलसर असतं. अर्धवट वाटी केलेल्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ डळमळत्या तोलावर असतो. करंगळी आणि अनामिका तांदळाच्या दाण्याएवढी वर आली आणि मनगट जरासं अंगठ्याकडे कललं, की त्याचा भार बुडाकडे सरकतो आणि तो उठायला लागतो. एकदा उठायला लागला की तळहात आपसूक त्याच्यामागे तोल सावरत जातो, आणि या सावरण्यानेच तो पूर्ण उभा होतो. पाहणाऱ्याला नारळ दिसतो, बोटं दिसत नाहीत. चालण्याचा धक्काही मदतीला असतोच. म्हणून उभं राहून केलेल्या प्रयोगापेक्षा चालताना तो लवकर उठतो.

बेचकीचं गणित याहून ठसठशीत आहे. कडुलिंबाची किंवा उंबराची ओली, पेन्सिलीएवढी जाड, दोन्ही पाय हात-सव्वा हात लांब अशी फांदी घेतात. वाळकी चालत नाही, ती मोडते. तळवे वर करून दोन्ही पाय धरायचे आणि बाहेरच्या बाजूला ताणायचे. आता फांदीत धनुष्यासारखा ताण साठला. दोन्ही मनगटं आत वळली, अगदी जाणवणार नाही इतकी, की तो साठलेला ताण एकदम सुटतो आणि टोक झटक्याने खाली जातं. मुठी घट्ट आवळल्या तरी जातं, सालही सोलून निघते. सोललेली साल दाखवून पाणाड्या म्हणतो, बघा किती जोर आहे. जोर आहेच. तो फांदीत आधी भरलेला जोर आहे.

तांब्या-पितळेच्या काटकोनी तारा घेणारेही आता बरेच झाले आहेत. तीन-चार मिलिमीटरची तार, धरायचा भाग वीतभर, पुढचा भाग दोन वीत. त्या सैल मुठीत अगदी आडव्या धरल्या की कुठल्याही बाजूला फिरायला मोकळ्या. मुठी किंचित आत कलल्या की उतारावरच्या पाण्यासारख्या त्या एकमेकींकडे येतात आणि फुली होते. याच तत्त्वावर एका ब्रिटिश माणसाने मुठीला फिरती अँटेना लावून ‘बॉम्बशोधक यंत्र’ म्हणून ते इराकला विकलं. आत चालणारं काहीच नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते धरून उभे राहिले आणि स्फोटकांच्या गाड्या समोरून निघून गेल्या. २०१३मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

धरणाऱ्याला पत्ता न लागता स्नायू हलतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५३मध्ये दाखवलं. तेव्हा इंग्लंडभर टेबलाभोवती हात ठेवून बसायचं आणि आत्म्याने टेबल फिरवायचं, अशी साथ आली होती. फॅरडे यांनी पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून मध्ये मऊ मेणासारख्या लुकणाच्या गोळ्या लावल्या आणि थरांच्या कडांवर सरळ रेघ मारली. टेबल आधी सरकलं असतं तर खालचा थर पुढे आणि वरचा मागे दिसला असता. झालं उलटं: हाताखालचा वरचा थर पुढे गेला होता, म्हणजे हात टेबलाला ओढत होते. मग त्यांनी एक हलका काटा जोडला, हात जरा बाजूला गेला की हलणारा. काटा समोर ठेवल्यावर टेबल फिरणंच थांबलं. बसलेली माणसं प्रामाणिक होती. त्यांना आपला हात दिसला आणि त्यांनी तो थांबवला.

हे घरच्या घरी करून बघता येतं. अंगठीला वीतभर दोरा बांधा, कोपर कशावरही न टेकता ती पाण्याच्या पेल्यावर धरा आणि ती गोल फिरतेय अशी मनात कल्पना करा. मिनिटभरात ती गोल फिरेल. आता मनगट टेबलावर टेकवा, फिरणं मंदावेल. डोळे बांधा आणि कोणाला तरी अधूनमधून पेला काढून घ्यायला सांगा. पेला आहे की नाही याच्याशी अंगठीचं काही देणंघेणं राहत नाही. प्लँचेटचीही हीच तपासणी: खेळणाऱ्यांचे डोळे बांधा आणि त्यांना न सांगता कागद उलट्या दिशेने फिरवून ठेवा. वाटी जाते ती अक्षरं आधी जिथे होती त्या मोकळ्या जागी.

नारळासाठी तर याहून सोपी तपासणी आहे. जिथे नारळ उभा राहिला तिथेच तो एका घमेल्यात आडवा ठेवा आणि घमेलं पाणाड्याच्याच दोन्ही हातांत द्या. जमिनीखालचं पाणी नारळाला उभं करत असेल, तर पातळ पत्र्याने ते अडायला नको. घमेल्यात नारळ उठत नाही. घमेल्याला करंगळी नसते.

तरीही पाणाड्याने सांगितलेल्या जागी पाणी लागतं. कित्येकदा लागतं. याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण खडकाचं. बुलढाणा, अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती, वर्धा हा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा आहे. यात जमिनीखाली नद्या वाहत नाहीत. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला कच्चा दगड, मग कडक पाषाण, मध्येच जाळीदार दगडाचा थर किंवा दोन लाव्हांमधला तांबडा पट्टा. पाणी असतं ते मुरुमात, भेगांत आणि या सांध्यांत. मुरुमाच्या एका घनमीटरमधून साधारण २० लिटर पाणीच हाताला लागतं, पण ते चादरीसारखं पसरलेलं असतं. म्हणून बऱ्या पावसाच्या वर्षी ३०-४० फूट विहीर खणली तर पुष्कळ जागी थोडंफार पाणी लागतंच. नारळ दहा फूट इकडे उभा राहिला असता तरी लागलं असतं. मात्र भेगा आणि सांधे चादरीसारखे नसतात, ते कुठे असतात आणि कुठे नसतात. २५०-३०० फूट बोअर मारायचा असेल तर दहा फुटांचा फरकही कोरडा आणि ओला ठरवतो, आणि नारळ चुकतो तो नेमका इथेच.

दुसरं कारण पाणाड्याच्या डोळ्यांचं. म्हातारा पाणाड्या चाळीस वर्षं हाच मुलूख तुडवत आलेला असतो. नाल्याचं वळण, उतार कुठे मोडतो, शेजारच्या वावरातली विहीर किती खोल, उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला उंबर, धुऱ्यावरचं वारूळ, हे सगळं तो चालता चालता वाचतो. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा अध्यायच यावर आहे. जांभळाच्या झाडाजवळ पूर्वेला वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला तीन हातांवर, दोन पुरुष (माणसाच्या उंचीवरून घेतलेलं माप) खोलीवर गोड पाणी, अशा त्या खुणा. त्यातल्या प्रत्येक खुणेवर आज विसंबता येणार नाही, पण खोल मुळांची झाडं बघून पाण्याचा अंदाज बांधणं ही बुद्धीचीच रीत आहे. पाणाड्याचे डोळे जे वाचतात ते त्याची बोटं बोलून दाखवतात आणि श्रेय नारळाला जातं. मला याचं वाईट वाटतं. पोरगं बापाकडून नारळ शिकतं आणि झाडं वाचायची राहून जातात.

डोळे आणि नारळ वेगळे करायचे असतील तर गावात रीतसर चाचणी घेता येते. झाकणाच्या दहा सारख्या बादल्या घ्या आणि प्रत्येकीखाली फरशी ठेवा, नाहीतर भरलेली बादली मातीत रुतून चुगली करते. डब्यात १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या. एकाने चिठ्ठी काढून त्या आकड्याची बादली भरायची, खाली सांडलेलं पुसायचं आणि घराच्या मागे निघून जायचं. पाणाड्यासोबत चालणारा आणि आकडा लिहून घेणारा वेगळा माणूस हवा, त्याला भरलेली बादली माहीत नको. माहीत असेल तर त्याची नजर बोलते. गर्दी तर अजिबात नको, गर्दीची कुजबुज हा सगळ्यात मोठा पाणाड्या. चिठ्ठी दरवेळी डब्यात परत टाकायची. अशा २० फेऱ्या.

पण त्याआधी एक उघडी फेरी घ्या, सगळ्यांसमोर भरलेल्या बादलीवर. नारळ उभा राहिला की पाणाड्याकडून कागदावर घ्या: आज दिवस ठीक आहे, जागा ठीक आहे, बादलीतलं पाणी ओळखता येतं. हे राहिलं की नंतर अमावास्या आडवी येते. नुसत्या अंदाजाने २० पैकी सरासरी २ बरोबर येतात. पाच किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास, सात किंवा जास्त येण्याची हजारात दोन-अडीच. तेव्हा सात आले तर मान्य, हे आधीच ठरवा.

‘आम्हाला वाहता झरा कळतो, साचलेलं पाणी नाही’ असं कोणी म्हणालं तर त्यालाही उपाय आहे. जर्मनीत कासल इथे १९९०मध्ये ५० सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचा पाइप पुरला होता, पाणी सोडायला-बंद करायला झडप. ३० पाणाड्यांनी आधी अटी मान्य केल्या, स्वतःच्या यशाची खात्री दिली आणि पाणी वाहतंय की नाही ते सांगितलं. निकाल नाणेफेकीसारखा. म्युनिकजवळच्या एका कोठारात १९८७-८८मध्ये निवडक ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. घेणाऱ्यांनी काही जण खरे निघाल्याचं जाहीर केलं, पण तेच आकडे पुन्हा तपासल्यावर एका वेळी चमकलेला माणूस दुसऱ्या वेळी टिकत नव्हता. पाइपचा प्रयोग गावात करताना मोटर सतत चालू ठेवा, नाहीतर पाण्याचा आवाज कानावर पडतो.

हिप्पी पिढीने हीच काडी वेगळ्या हेतूने उचलली होती. आल्फ्रेड वॉटकिन्स यांना १९२१मध्ये इंग्लंडच्या जुन्या देवस्थानांत सरळ रेषा दिसल्या, त्यांच्या मते त्या जुन्या व्यापारी वाटा होत्या. १९६९मध्ये जॉन मिशेल यांनी त्यांत पृथ्वीची ऊर्जा आणली आणि पोरं तारा धरून माळरानांवर फिरायला लागली. १९७१च्या ग्लास्टनबरी महोत्सवात एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या वावरात इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या दहाव्या हिश्शाचा मंच उभा राहिला, आयोजकांत विन्स्टन चर्चिल यांची नात होती आणि डेव्हिड बोवी पहाटे गायले. त्या मंचामागेही याच रेषांवरची श्रद्धा होती. रेषा तिथे नसली तरी गाणं झालंच असतं. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, जिथे उपशाने भूजल कधीच खाली गेलंय, तिथे रेषा चुकली की बाग वाळते आणि बोअरचं कर्ज मात्र उभं राहतं.

म्हणून बोअरआधी विद्युत प्रतिरोध सर्वेक्षण करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात, तिथे चौकशी करा. एका रेषेत चार खुंट्या ठोकतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात, आतल्या दोनमध्ये विजेचा दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जसजशा लांब नेतात तसतसं खोलवरचं कळत जातं. पाणी धरलेला कच्चा दगड साधारण २० ते ४० ओहम-मीटर (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दाखवतो, कडक पाषाण त्याच्या कितीतरी वर. खुंटीभोवतीची माती कोरडी ठणठणीत असेल तर वाचन फसतं, तिथे लोटाभर मिठाचं पाणी ओततात. विजेच्या तारा, लोखंडी कुंपण, लोखंडी पाइपलाइन जवळ असेल तर रेषा दुसरीकडे फिरवायला सांगा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र फार कमी आकडा बघून हुरळू नका. तिथे तो खाऱ्या पाण्याचा किंवा चिकणमातीचा असतो, आणि असं पाणी संत्र्याला दिलं तर झाड जातं. शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून आणलेलं असेल तरच तो आकडा वाचता येतो.

आणि सर्वेक्षण करणारा येण्याआधी एक काम तुम्हीच करून ठेवा. आजूबाजूच्या अर्ध्या किलोमीटरमधल्या सगळ्या विहिरी आणि बोअर कागदावर मांडा: खोली, मुरूम कुठे संपला, दगड कुठे लागला, पाणी कितीवर लागलं, कोणता कोरडा गेला. सुताच्या दोरीला दर मीटरला गाठ आणि खाली लोखंडाचा नट बांधून विहिरींतलं पाणी किती खाली आहे ते दोनदा मोजा, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. म्हाताऱ्या पाणाड्यालाही सोबत न्या, नारळ घरी ठेवायला सांगा आणि तो कोणत्या झाडापाशी थांबतो ते त्याच कागदावर लिहून घ्या.